डोळ्याच्या वर

एकतीस वर्षं मी दोष शोधले.
जेलरोडला, प्रेसमध्ये, ट्यूबलाइटखाली,
शाईच्या वासात बसून
शंभरातला एक कागद बाजूला काढायचा:
रेघ तुटलेली, आकडा सरकलेला.
हाताला तीच सवय राहिली.
म्हणून या वडातही
पहिल्यांदा दिसतं ते नसलेलंच.

उंची वीतभर. वय बावीस.
उथळ निळी कुंडी,
तीन पारंब्या, काडेपेटीतल्या काडीएवढ्या.
उजवीकडे फांद्यांचा संसार,
डावीकडे नुसतं खोड,
लग्नाच्या फोटोतून कुणी उठून गेल्यासारखं.

खत दिलं. ऊन दिलं.
तांब्याची तार गुंडाळून शेजारची फांदी
ओढून आणली रिकाम्या जागी.
आली, पण पाहुण्यासारखी बसली,
तार सोडताच माघारी.

गच्चीखाली मखमलाबादची एक बाग उरलीय,
पलीकडे प्लॉटचे पांढरे दगड.
एप्रिलात पेठहून टोळी उतरली
खरड छाटणीला,
दोन दिवसांत हिरवा मांडव
नुसत्या काड्यांचा झाला.
कात्र्यांचा आवाज वरपर्यंत. कचक्. कचक्.

चिंतामण भोये कळशी भरायला वर आला
आणि वडापुढे उकिडवा बसला.
हसला नाही. लोक हसतात.
बोटाचं पेर खोडावरून सरकवत गेला,
मी कागद चाचपायचे तसा,
थांबला एका सुरकुतीपाशी.
"डोळा आहे इथं. झोपलाय."
मला काहीच दिसलं नाही.
मला! जिच्या डोळ्यांना सरकार पेन्शन देतं.

"चीर द्यायची. डोळ्याच्या वर, खाली नाही.
नखाएवढी, सालीपुरती.
आणि हा शेंडा काढा."

शेंडा?
अकरा वर्षं वळवलेला, घुमटासारखा,
ज्याच्यासाठी मी दिवाळीतही गावी गेले नाही.

"वरच्याचा हुकूम चालतो तवर
खालचा उठत नाही, बाई."
कळशी खांद्यावर घेऊन तो जिना उतरला.

रात्रभर ते वाक्य पंख्याबरोबर फिरलं.
आमच्या घरात शेंडा मी होते.
फी माझी, चप्पल माझी,
खिडकीजवळची जागा माझी.
नलू दोन वर्षांनी धाकटी,
सातवीतून काढली, लासलगावला दिली.
तिला अभ्यासाची आवडच नाही,
असं सगळे म्हणायचे.
मीही.

सकाळी कात्री स्पिरिटनं पुसली.
शेंडा हातात आला तो इतका हलका
की स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला.
नऊ ग्रॅम.
मग ब्लेडनं चीर. पांढरा चीक आला,
आंघोळीनंतरही बोटाला चिकटून.

पाणी बेतानं. दुपारची सावली.
तेरावा दिवस, सतरावा, एकविसावा.
खाली बागेत काडीकाडीवर
डोळे कापसले, उघडले, पान झाले.
वर माझं झाड बोडकं, गप्प.
विचारावं म्हटलं, तर टोळी
केव्हाच पिंपळगावकडे निघून गेलेली.

सव्विसाव्या दिवशी फुटलं.
चीर दिली तिथं नाही.
तिथला डोळा अजून झोपलाय.
बोटभर खाली, जवळजवळ मुळाशी,
जिथं त्यानं पेर ठेवलं नव्हतं, मी ब्लेड नाही,
साल फाडून एक लालसर टोक,
तांदळाएवढं.

ही जागा चूक.
इतक्या खाली फांदी घेत नाहीत, आकार बिघडतो,
दिसताक्षणी खुडायची असते.
हाताची जुनी सवय पुढे झालीच,
अंगठा नि तर्जनी,
बाजूला काढायला.

राहू दिलं.
कुंडी फिरवून ती बाजू पूर्वेला केली.
चष्मा काढला, पुसला, परत लावला.
मग नलूला फोन लावला
आणि आधी कांद्याचा भाव विचारला.